‘घरातलं तर कुणी गेलं नाही, मग ह्यांना झालंय काय?’

“अहो मॅडम, आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. सासूबाई वाचल्या, पोरगा वाचला, हे स्वतः धडधाकट आहेत. दुकानाचं नुकसान तर अख्ख्या बाजारपेठेचं झालं. मग ह्यांनाच एवढं काय झालंय?”

जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणात समुपदेशक म्हणून बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की बोलणारीचा चेहरा बदलायचा, वाक्य तेच असायचं. पूर सोडून बाकीच्या प्रसंगांतही ते येतं. “ज्याचा पाय मोडला तो कामाला लागला, आणि आमचा नुसता मागच्या सीटवर होता, तो गाडीत बसायला तयार नाही.” “बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्या, आता सहा महिने झाले, तरी ही हॉस्पिटलच्या रस्त्याने जात नाही.” सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि तिच्याखाली थोडा रागही असतो. आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो खाली मान घालून बसलेला असतो, कारण हाच प्रश्न तो स्वतःला रोज रात्री विचारत असतो.

पंचनाम्याला हा हिशेब चालतो. तलाठी येतात, पाणी भिंतीवर किती फूट चढलं ते बघतात, काय काय गेलं ते लिहून घेतात आणि त्या प्रमाणात मदत मिळते. आपण मनालाही तसंच मोजायला जातो. एवढं नुकसान असेल तर एवढं दुःख रास्त, त्याच्यावर झालं की नाटक. मीही माझ्या कामाच्या पहिल्या काही वर्षांत कळत-नकळत असंच मोजत असे, हे कबूल करते.

एका माणसाबद्दल सांगते. त्यांना श्रीकांतराव म्हणू. नाव आणि धंदा बदललाय, एक-दोन तपशील दुसऱ्यांच्या हकीकतीतून घेतलेत, आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.

ते पहिल्यांदा आले मे २०२२ मध्ये, म्हणजे पुराला दहा महिने होऊन गेल्यावर. अशी माणसं बहुतेक मृगाच्या तोंडावरच येतात. हिवाळा-उन्हाळा कसाबसा निभावतो, पण आभाळ भरायला लागलं की घरच्यांचा धीर सुटतो. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. दारात उभं राहून, नमस्कार वगैरे काही न करता, त्यांनी पहिला शब्द उच्चारला.

“सतरा.”

“काय सतरा?”

“पायऱ्या. पुरतील.”

आणि मग स्वतःच ओशाळून हसले.

बायको बरोबर होती. तिने भराभर यादी सांगितली. पहाटे तीनला उठून बसतात ते बसतातच. उशाशी टॉर्च लागते, दर आठवड्याला सेल बदलतात. दुकानाचं शटर अर्धंच उघडतात. पोराने नळ चालू ठेवला म्हणून त्याच्या अंगावर धावून गेले, पूर्वी आवाजही चढवत नसत. “आणि एक सांगते, हसू नका. पुरात आमचा फ्रीज गेला. माझ्या भावाने नवीन घेऊन दिला, तर ह्यांनी तो दारातून परत पाठवला. अख्खा उन्हाळा मी दूध दोन-दोनदा तापवून काढला. भावाला काय वाटलं असेल?”

श्रीकांतराव खिडकीबाहेर बघत होते. मी वहिनींचे आभार मानले आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक भेटीला त्या त्या बाकावर बसून राहिल्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली.

चिपळूणबाहेरच्या वाचकांसाठी त्या रात्रीबद्दल दोन ओळी. २१ जुलैपासून पाऊस नुसता कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही फुगल्या होत्या, खाडीला भरती होती, आणि २२ च्या पहाटे पाणी बाजारपेठेत शिरलं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी त्याच्याच मापाने सामान वर चढवलं होतं. या वेळी पाण्याने ते माप मोडलं. कितीतरी इमारतींचा तळमजला छतापर्यंत गेला, माणसं वरच्या मजल्यावर, पत्र्यावर, कौलांवर जाऊन बसली. वीज नाही, फोन नाही.

श्रीकांतराव जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहायचे. मागच्या पडवीत, कौलांखालच्या एका खोलीत, नाना नावाचे म्हातारे गृहस्थ एकटे राहत. पाणी घरात शिरल्यावर श्रीकांतरावांनी गुडघ्यांनी अधू असलेल्या आईला पाठीवर घेतलं, बायको आणि मुलगा पुढे, आणि सगळे जिन्याने वरच्या बिऱ्हाडात गेले. मग ते टॉर्च घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसले आणि पाणी कितव्या पायरीवर आलं ते मोजत राहिले. उजाडेपर्यंत. नानांना दुपारच्या आत मागच्या आळीतल्या पोरांनी कौलं काढून वर ओढलं. नाना जिवंत आहेत, आजही.

म्हणजे वहिनी म्हणत होत्या ते खरं होतं. कुणीच गेलं नव्हतं.

आता थोडं आजाराबद्दल. वैद्यकीय मराठीत याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, डॉक्टर नुसतं पीटीएसडी म्हणतात. पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेला १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ हे नाव छापून आलं, तेव्हा तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी असा समज होता. पुढे कितीतरी जणांना भित्रा ठरवून टाकलं गेलं. आजचं नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने. सैनिकांचा आजार ही समजूत मात्र अजून गेलेली नाही. पूर, भूकंप, अपघात, बलात्कार, मारहाण, आयसीयूतले दिवस, यांतल्या कशातूनही तो होऊ शकतो.

त्याच्या खुणा साध्या भाषेत सांगायच्या तर अशा. घडलेलं आपोआप परत येतं, स्वप्नात किंवा जागेपणी, आणि आठवण म्हणून येत नाही, घडतंय म्हणून येतं. त्याच्याशी जोडलेली वाट, वस्तू, माणूस टाळलं जातं. मन स्वतःबद्दल किंवा जगाबद्दल काहीतरी कायमचं कडू ठरवून बसतं, जवळच्या माणसांबद्दल काही वाटेनासं होतं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असतं: झोप नाही, चिडचिड, भांडं पडलं तरी दचकणं. आघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंच काही कुणालाही होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटून गेला, तरी ओसरत नाही आणि घर-धंदा त्याने अडायला लागला, की मदत घ्यायची वेळ झाली असं समजावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातली जवळपास ७० टक्के माणसं आयुष्यात कधीतरी अशा एखाद्या आघातातून जातात, आणि त्यांतल्या साधारण ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेकांना होत नाही. “शेजारचा कसा उभा राहिला” याचं उत्तर इथे आहे: शेजारचा बहुतेकांमधला आहे. कुणाला होणार हे किती माल भिजला त्यावर ठरत नाही. त्या क्षणी माणूस किती असहाय होता, मरण किती जवळ वाटलं, आधीचे कुठले घाव होते, नंतर पाठीशी कोण उभं राहिलं, यांचा वाटा मोठा असतो. आणि आणखी एका गोष्टीचा, जिच्याकडे मी आता येते आहे.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या शाळेतली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. मी तिच्यावर वाढले, आणि अजूनही माझा पहिला हात तिच्याकडेच जातो. या पद्धतीत आपण माणसाच्या मनातला हट्टी आग्रह शोधतो. मराठीत तो सापडायला सोपा, कारण तो एका अक्षरात बसलेला असतो: च. ‘मला यश मिळायलाच हवं’, ‘त्याने असं वागायलाच नको होतं’. त्या ‘च’ला प्रश्न विचारायचे, पुरावा मागायचा, आणि तो गळून पडला की यातनेची निव्वळ खंत उरते. खंत माणूस घेऊन जगू शकतो. वीसएक वर्षं मी ‘च’ पकडत आले आहे आणि त्यात माझा हात बरा बसलाय, असं म्हणायला हरकत नाही.

श्रीकांतरावांच्या तिसऱ्याच भेटीत मला ‘च’ सापडला. “मी नानांना बघायलाच हवं होतं,” ते म्हणाले. मी खूश. लगेच कामाला लागले. अंधार होता की नाही? होता. आई पाठीवर होती की नाही? होती. पोहता येतं? “विहिरीत येतं. वाहत्या पाण्यात नाही.” मग जायलाच हवं होतं, हे कशावरून? ते सगळ्याला हो म्हणत गेले. शेवटी म्हणाले, “पटतंय मॅडम, अगदी पटतंय.” नमस्कार करून गेले आणि पुढचे दोन आठवडे फिरकले नाहीत.

‘पटतंय’ हा शब्द समुपदेशकाने सांभाळून ऐकावा. मराठी माणूस वाद नको असला की तो वापरतो. कळतं पण वळत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहेच, पण ती आपण आळशी माणसाला सुनावायला वापरतो. का वळत नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

दुसऱ्या आठवड्यात मी रात्री वही काढून बसले. मी समोरच्याची वाक्यं शक्यतो त्याच्याच शब्दांत उतरवून घेते, ही माझी जुनी सवय, तरुण सहकारी त्यावरून माझी थट्टाही करतात. वाचता वाचता एक गोष्ट दिसली. दुकानाबद्दल ते म्हणाले होते, “माल भिजला, विमावाल्यांनी फिरवलं, मग कर्ज काढलं.” नळाबद्दल, “मी चिडलो, चुकलं माझं.” आणि जिन्याबद्दल: “आई पाठीवर आहे. पाणी सातवीला आहे. खाली फ्रीज आपटतोय. मी टॉर्च मारतो, पाणी काळं आहे.”

गोष्ट रंगवून सांगताना आपण सगळेच वर्तमानकाळ वापरतो. ‘मी जातो, बघतो तर काय!’ हा तसा नव्हता. रंगवून सांगणारा ऐकणाऱ्याकडे बघत असतो. श्रीकांतराव बघत होते माझ्या दाराच्या उंबऱ्याकडे.

मग मी त्या माणसाशी कसला वाद घालत होते? पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला मी काठावरून तर्कशास्त्र शिकवत होते. ‘हवं होतं’ हे त्यांनी माझ्यासाठी, सभ्यपणे, भूतकाळात म्हटलं होतं. त्यांच्या आत ती रात्र संपलेलीच नव्हती, आणि जे संपलेलं नाही त्याच्याबद्दल ‘काय करायला हवं होतं’ याची चर्चाच होऊ शकत नाही. ‘च’ काढायचा असेल तर आधी वाक्य भूतकाळात जायला हवं. विवेकाचं काम त्यानंतरचं. हे मला पुस्तकांतून ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि आपल्याच वहीत सापडणं यांत फरक असतो.

मेंदूत काय होतं ते मी चिपळूणकरांना असं सांगते. नदी वाढली की भोंगा वाजतो, तसा एक भोंगा आपल्या मेंदूत आहे, अमिग्डाला नावाचा. त्याच्या शेजारी एक कारकून बसतो, हिप्पोकॅम्पस. घडलेल्या गोष्टीवर तारीख, वार, ठिकाण लिहून ती फायलीत लावणं हे त्याचं काम. भोंगा कानठळ्या बसेल इतका वाजला की कारकुनाला लिहिणं जमत नाही. मग त्या प्रसंगाचे तुकडे बिनतारखेचेच पडून राहतात: एक आवाज, एक वास, एक पायरी. बिनतारखेचा कागद समोर आला की भोंग्याला तो आजचाच वाटतो. फ्रीजच्या मोटारीचा एक साधा ठोका झाला, की भोंगा सुरू.

उपचार म्हणजे त्या कागदावर तारीख घालणं. त्यासाठी तो कागद परत हातात घ्यावा लागतो, सुरक्षित जागी, सोबत माणूस असताना, थोडा थोडा करून. हे घरी, जेवणाच्या टेबलावर करायचं काम नव्हे.

वहिनींनी त्यांना जवळजवळ ओढत परत आणलं. मी आधी माफी मागितली, म्हटलं, मागच्या वेळी मी घाई केली. मग आम्ही एक रीत ठरवली. सुरुवातीला पाय जमिनीवर टेकवून आजची तारीख आणि वार मोठ्याने म्हणायचा. मग ती रात्र, पाणी दारात आल्यापासून उजाडेपर्यंत, क्रमाने सांगायची, मध्ये न थांबता. मग परत एकदा. त्यांच्या फोनवर ते बोलणं रेकॉर्ड करायचं आणि घरी दिवसातून एकदा, दुपारी, ऐकायचं. पहिल्या दोन वेळा घाम फुटला, हात थरथरले. मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं होतं आणि त्यांनी औषध सुरू केलं होतं. झोप थोडी सुधारली, त्यामुळे हे काम करण्याची ताकद आली. गोळी की समुपदेशन, असा वाद मला कधीच कळला नाही.

पाचव्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं. जो माणूस माझ्या जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येतो, तो आपल्याच जिन्यात दोन पायऱ्या गाळतोय. “सातवी बुडते. आठवी. नववी. आई रामरक्षा म्हणतेय. बाराव्या पायरीला पाणी थांबतं.” दर वेळी असंच. मी वही मागे उलटून पाहिली, पाचही वेळा.

त्या दिवशी बाहेर पाऊस लागला होता, जूनचा शेवट.

“श्रीकांतराव, दहावी आणि अकरावी कुठे गेली?”

ते गप्प झाले. इतके गप्प की बाहेर बाकावर वहिनींनी पिशवी सरकवली तेही ऐकू आलं. मी काही बोलले नाही. नवीन असताना अशा शांततेत मी हटकून काहीतरी बोलत असे आणि माणूस परत आत जाई. न बोलणं शिकायला मला बोलणं शिकण्यापेक्षा जास्त वर्षं लागली.

“नाना हाका मारतायत,” ते म्हणाले. “श्रीकांता, अरे श्रीकांता. आमचा फ्रीज तरंगत बाहेर आलाय आणि त्यांच्या दाराला अडकलाय. तोच आपटतोय. आमचाच फ्रीज. त्यांना दार उघडता येत नाहीये. दहावी बुडते. हाका चालू आहेत. बायको माझ्याकडे बघते. मी टॉर्च बंद करतो.”

“मग?”

“अकरावी. हाका थांबतात.”

परत शांतता. मग, अगदी खालच्या आवाजात: “आवाज थांबला, आणि मॅडम, मला बरं वाटलं.”

इथे होता तो. फ्रीज, टॉर्च, मागची वाट टाळणं, नानांची नजर चुकवणं, पोरावर धावून जाणं, सगळ्याच्या तळाशी हे एक वाक्य. पाण्याच्या भीतीवर दहा महिने सगळे त्यांची समजूत घालत होते, आणि हा माणूस पाण्याला भीतच नव्हता. एक म्हातारा मेला असं वाटलं त्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं, याची त्याला भीती होती. ज्याला हायसं वाटलं तो माणूस आपल्या आत राहतो, याची. आणि घरातलं कुणी गेलं नाही, या वाक्याने तर तोंडच बंद केलं होतं. नाना वाचले. मग तक्रार कसली करायची?

मला त्या क्षणी खूप काही म्हणता आलं असतं. तुमची चूक नव्हती, कुणालाही तसंच वाटलं असतं, शरीर दमलं की असं होतं. यातलं सगळं खरं आहे. यातलं काहीही मी म्हटलं असतं तरी त्यांनी ‘पटतंय’ म्हटलं असतं. मी फक्त विचारलं:

“हाका थांबल्या तेव्हा पाणी कुठे होतं?”

“अकराव्या पायरीवर,” ते म्हणाले. डोळे उंबऱ्यावरून उठले, माझ्याकडे वळले. “अकराव्या पायरीवर होतं.”

होतं.

मी त्यांच्यासमोरच वहीत त्या शब्दाखाली रेघ ओढली. त्यांना कारण कळलं नाही. ते रडायला लागले होते आणि थांबवायचा प्रयत्न करत नव्हते. मी टिपऱ्या पिटत नाचावं अशी माझी अवस्था झाली होती, पण चेहरा जागेवर ठेवला. हे लिहिताना जरा लाज वाटते, पण खरं आहे ते.

त्यानंतरच्या दोन भेटींत ‘च’ बाहेर आला, आणि आता तो खरा होता. “मी जायलाच हवं होतं आणि मला बरं वाटायलाच नको होतं.” या वेळी आम्ही सावकाश गेलो. तासन्‌तास एखाद्याच्या हाका ऐकाव्या लागणं आणि काही करता न येणं, हा छळ आहे. छळ थांबला की शरीर सैलावतं, ते परवानगी विचारत नाही. आवाज थांबल्याचं बरं वाटलं. नाना गेल्याचं नव्हे. हा फरक मी सांगितला नाही, त्यांनीच तीन-चार वाक्यांतून काढला, आणि मग बराच वेळ टेबलावरच्या पेल्याकडे बघत बसले. “गेलो असतो तर बरं झालं असतं, पण नाही जमलं,” असं शेवटी म्हणाले. त्यात ‘च’ नव्हता. खंत होती, ती राहू दिली.

नानांना भेटायला मी सांगितलं नव्हतं. ते आपण होऊन गेले. मी उत्सुकतेने विचारलं, सांगितलंत का? “नाही. नाना पंचनाम्याचंच बोलत बसले. ऐकू कमी येतं त्यांना. चहा घेतला. ते पोटमाळ्यावर चढले म्हणून हाका थांबल्या होत्या, एवढं कळलं. परत जाईन.” अशा भेटी सिनेमात असतात तशा होत नाहीत.

आणि पाऊस? जुलैत एका रात्री नदी वाढली. सकाळी त्यांचा फोन आला. “रात्रभर जागा होतो. माल वर चढवला. भीती वाटली, पण ही आजची भीती होती मॅडम, जुनी नव्हती.” वाशिष्ठीकाठच्या माणसाची पावसाची भीती मी काढून टाकावी अशी कुणी अपेक्षा करू नये. ती काढली तर तो माल कधी चढवणार?

आता घरच्यांसाठी, कारण मला प्रश्न तेच विचारतात.

‘विसर आता’ म्हणू नका. विसरण्याइतकं ते अजून जुनंच झालेलं नाही. तुलना करू नका. “त्याचं बघ” या दोन शब्दांनी माणूस सहा महिने मागे जातो. पण उलट्या टोकालाही जाऊ नका. कोरून कोरून विचारणं वाईट. पूर ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात मदतीला आलेली काही भली माणसं लोकांना गोल करून बसवत आणि ‘सगळं सांगून मोकळे व्हा’ म्हणत. हेतू चांगला, पण आघातानंतर लगेच असं सगळ्यांनाच बोलतं केल्याने पीटीएसडी टळत नाही, हे आता पक्कं माहीत आहे, आणि काहींना त्याचा त्रासच होतो. त्या दिवसांत कोरडे कपडे, गरम जेवण, झोपायला जागा, हरवलेल्या माणसाची खबर आणि शेजारी बसणारं कुणीतरी, एवढं पुरे. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर भात वाढा.

टाळाटाळीचं मात्र बघा. तो जे टाळतो ते तुम्हीही त्याच्यासाठी टाळायला लागलात, तर घर हळूहळू आक्रसतं. आज फ्रीज नको, उद्या मागची वाट नको, परवा पाहुणे नकोत. जबरदस्ती नको, पण त्याच्या टाळण्याला घराचा नियमही करू नका. रात्री दचकून उठला तर अंगाला हात लावण्याआधी नावाने हाक मारा, दिवा लावा, कुठे आहोत ते सांगा. दारूवर लक्ष ठेवा. पुरुषांमध्ये हा आजार बऱ्याचदा बाटलीमागे लपतो. झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने देऊ नका, त्यांची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मानसोपचारतज्ज्ञ देतात ती औषधं वेगळी.

गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला. ग्रामदेवतेसमोर उभं राहून धीर येत असेल तर तो मला हवाच आहे. फक्त माझ्या भेटीची तारीख चुकवू नका. ‘बाहेरचं’ म्हणून फटके आणि धूर मात्र अजिबात नको. आणि जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलंच बरं, असलं काही तो बोलला तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं.

उशीर झाला, हेही बरेच जण म्हणतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटेचा. दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली, आणि वाचलेल्यांतली कितीतरी पुढे छताखाली झोपायला धजत नव्हती. तिकडची एक बाई माझ्याकडे आली तेव्हा मधे पंचवीस वर्षं गेली होती. तारीख तेव्हाही घालता आली. थोडा जास्त वेळ लागला, इतकंच.

श्रीकांतरावांच्या भेटी ऑगस्टमध्ये संपल्या, एकूण तेरा. गणपती झाले. आणि सप्टेंबरच्या मध्याला एके दिवशी वहिनी एकट्याच आल्या, हातात बुंदीच्या लाडवांचा डबा. फ्रीज आला, म्हणाल्या. भाऊही खूश. हे गाढ झोपतात, घोरतात. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते.

मग त्या, जिथे श्रीकांतराव बसायचे त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच. तेरा वेळा त्या बाहेरच्या बाकावर होत्या, आणि मी दर वेळी दार लोटून घेताना त्यांना विचारलं होतं: ह्यांची झोप कशी आहे, जेवण कसं आहे, चिडचिड कमी आहे ना?

“आता मला झोप लागत नाही,” त्या म्हणाल्या. “हे घोरायला लागले की मी जागी होते. त्या हाका मीपण ऐकल्यात ना मॅडम. टॉर्च बंद करा, असं ह्यांना मीच म्हटलं होतं.”

मी डबा बाजूला ठेवला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

“वहिनी,” मी म्हटलं, “तुम्ही कितव्या पायरीवर होतात?”

“मी पायऱ्यांवर नाहीये,” त्या म्हणाल्या. “मी दाराशी उभी आहे.”